सुटीचं घर भाड्यानं देताना विम्यात काय बदलतं?

सुटीत जाऊन राहण्यासाठी घेतलेलं दुसरं घर वर्षातला बराच काळ बंद असतं. कर, वीजबिल, रंगरंगोटी मात्र चुकत नाही. मग विचार येतो, की आपण नसतो तेव्हा ते पाहुण्यांना द्यावं, निदान देखभालीचा खर्च तरी सुटेल. विचार चांगलाच आहे. वापरात राहिलेलं घर टिकतंही जास्त. फक्त पहिला पाहुणा पैसे देऊन उंबरठा ओलांडतो, त्या दिवसापासून विमा कंपनीच्या लेखी ते घर बदलतं. भिंती त्याच, छप्पर तेच, पण जोखीम वेगळी. बऱ्याच मालकांना हे कळतं ते दावा नाकारल्याचं पत्र हाती पडल्यावर. तोवर हप्ते नियमित भरलेले असतात, म्हणून ते पत्र जास्तच लागतं.

एकाच घराचे तीन प्रकारचे दिवस

अशा घराच्या वर्षात तीन प्रकारचे दिवस येतात. काही दिवस मालक स्वतः राहतो, काही दिवस पाहुणे राहतात आणि उरलेले दिवस, बहुतेक ठिकाणी सर्वांत जास्त, दाराला कुलूप असतं. तुमच्या पॉलिसीला हे तिन्ही प्रकारचे दिवस माहीत असले पाहिजेत. या विषयात याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही.

राहत्या घराची नेहमीची पॉलिसी पहिल्या प्रकारच्या दिवसांसाठी लिहिलेली असते. घरात मालक किंवा त्याचं कुटुंब राहतं, असं तिनं गृहीत धरलेलं असतं. घरच्या माणसाला कोणती पायरी निसरडी आहे, कोणता खटका सैल आहे, गॅसचा कॉक कुठे आहे, हे न सांगता माहीत असतं. पाहुण्याला यातलं काहीच माहीत नसतं. शिवाय दर आठवड्याला नवी माणसं, नव्या सवयी, चावी अनेकांच्या हातात. कंपनीनं जो हप्ता लावलेला असतो तो या सगळ्याचा हिशेब धरून लावलेला नसतो. म्हणूनच अशा पॉलिसीत ‘घर भाड्यानं दिल्यास’ असं सुरू होणारं एखादं कलम असतंच. कुठे त्यामुळे चोरीचं संरक्षण जातं, कुठे पाहुण्यानं केलेलं नुकसान वगळलं जातं, तर कुठे सगळी पॉलिसीच अडचणीत येते.

कुलूपबंद दिवसांचं कलम वेगळं. घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तर चोरी, तोडफोड आणि पाण्याची गळती यांचं संरक्षण थांबतं, अशी अट बऱ्याच पॉलिसींमध्ये असते. काही कंपन्या मुदत वाढवून देतात, पण बदल्यात अटी घालतात: ठरावीक दिवसांनी कुणीतरी येऊन घर आतून पाहिलं पाहिजे, मेन कॉक बंद ठेवला पाहिजे, थंड प्रदेशात घर किमान तापमानावर गरम राहिलं पाहिजे. ‘रिकामं’ कशाला म्हणायचं, हेही पॉलिसी स्वतःच ठरवते. झाडलोट करणारी व्यक्ती तासभर येऊन गेली म्हणजे घर वापरात होतं, असं कंपनी धरेलच असं नाही; रात्री कुणी मुक्कामाला होतं का, असा प्रश्न येऊ शकतो. त्यामुळे पॉलिसी घेतानाच हे लेखी विचारून घ्यावं आणि प्रत्येक फेरीची तारीख वहीत किंवा फोनवरच्या फोटोत नोंदवावी. पुढे वाद झाला तर हीच नोंद कामाला येते.

कंपन्यांना रिकाम्या घराची इतकी धास्ती का, हे वॉश बेसिनखाली वाकून पाहिलं तर कळतं. भिंतीतल्या कॉकपासून तोटीपर्यंत एक लवचिक नळी जाते, वरून स्टीलच्या बारीक तारांची जाळी विणलेली. पाणी आत धरून ठेवतो तो रबर किंवा प्लास्टिकचा आतला पाइप. दाबानं तो फुगू नये, हे बाहेरच्या जाळीचं काम. दमट जागेत, सफाईच्या रसायनांच्या वाफेत, जाळीच्या एखाद्या तारेला गंज चढतो. तार तुटते, तिथून आतला पाइप लहानशा फोडासारखा बाहेर येतो आणि एके दिवशी फुटतो. घरात माणसं असली तर आवाजानंच कळतं, कुणीतरी धावत जाऊन कॉक बंद करतं, फरशी पुसली की विषय संपतो. बंद घरात तेच पाणी दिवसेंदिवस वाहत राहतं. लाकडी कपाटं फुगतात, खालच्या मजल्याचं छत उतरतं, विजेच्या जोडण्यांत पाणी शिरतं. जिथे पारा शून्याखाली जातो तिथे आणखी एक भर: पाणी गोठताना आकारमानानं सुमारे ९ टक्के वाढतं आणि नळाचा पाइप फोडतं. बिघाड तोच, पण घरात कुणी नसल्यामुळे नुकसान कितीतरी पट होतं. त्यामुळे निघताना मेन कॉक बंद करणं आणि या जाळीच्या नळ्या काही वर्षांनी बदलणं, हे दोन स्वस्त उपाय मी सर्वांत वर ठेवेन.

कंपनीला काय काय सांगायचं

विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. इंग्लंडमध्ये १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ‘कार्टर विरुद्ध बोहम’ या खटल्यात हे तत्त्व मांडलं. सुमात्रा बेटावरच्या एका इंग्रजी किल्ल्याच्या गव्हर्नरनं, किल्ला शत्रूच्या हाती पडला तर, म्हणून विमा उतरवला होता. जोखमीची खरी माहिती विमा घेणाऱ्यालाच असते, म्हणून ती त्यानं लपवू नये, असं न्यायाधीश म्हणाले. त्याच निकालात त्यांनी हेही सांगितलं, की विमा देणाऱ्याला जे आधीच माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, ते सांगितलं नाही म्हणून त्यानं हात झटकू नयेत. निकाल गव्हर्नरच्या बाजूनं लागला. पुढे अनेक देशांनी ग्राहकाचं ओझं आणखी हलकं केलं. तिथे कंपनीनं नेमके प्रश्न विचारायचे आणि ग्राहकानं त्यांची काळजीपूर्वक खरी उत्तरं द्यायची, असा नियम आहे.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. घर वर्षातून साधारण किती दिवस भाड्यानं जाणार, एका वेळी किती माणसं राहणार, पाहुणे कुटुंबं असतील की मोठे गट, पोहण्याचा तलाव किंवा लाकडाची शेकोटी आहे का, घर किती दिवस बंद राहतं, चावी कोण देतं, पूर्वी कधी पूर आला होता का किंवा दावा केला होता का, हे सगळं सांगून टाका. तोंडी नको, ईमेलवर. एजंट ‘त्याची गरज नाही’ म्हणाला तर तेही त्याच्याकडून लिहून घ्या. वर्षभरात काही बदललं, समजा गच्चीवर नवी खोली काढली किंवा फक्त उन्हाळ्यात द्यायचं ठरवलेलं घर बाराही महिने द्यायला लागलात, तर पॉलिसीच्या नूतनीकरणाची वाट न पाहता कळवा. हप्ता थोडा वाढेल. तो वाढलेला हप्ता हीच तुम्ही खरं सांगितल्याची पावती असते.

विमा किती रकमेचा?

इथे बहुतेकांची गल्लत होते. घराची बाजारातली किंमत आणि घर पुन्हा बांधण्याचा खर्च या दोन वेगळ्या रकमा आहेत. बाजारभावात जमिनीची किंमत येते आणि आगीत जमीन जळत नाही. उलट पुन्हा बांधताना जुना राडारोडा काढणं, आर्किटेक्टची फी, नव्या नियमांप्रमाणे करावे लागणारे बदल, असे खर्च येतात. सुटीची घरं बहुधा डोंगरावर, किनाऱ्यावर, मुख्य रस्त्यापासून लांब असतात. तिथे सामान आणि मजूर पोहोचवणंच महाग पडतं. त्यामुळे आडबाजूच्या स्वस्त जमिनीवरच्या घराचा बांधकाम खर्च बाजारभावापेक्षा जास्तही भरू शकतो.

हप्ता वाचवायला रक्कम कमी दाखवली तर ‘अ‍ॅव्हरेज’ची अट आडवी येते. समजा पूर्ण बांधणीला १०० लागतात आणि तुम्ही विमा ६० चा घेतलात. स्वयंपाकघराला आग लागून ३० चं नुकसान झालं. विमा ६० चा आहे म्हणजे ३० तरी पूर्ण मिळतील, असं वाटतं. मिळतात १८. कारण तुम्ही १०० पैकी ६० टक्केच जोखीम कंपनीला दिली होती, उरलेली ४० टक्के स्वतःकडे ठेवली होती. म्हणून प्रत्येक नुकसानीतही तोच वाटा तुमचा. त्यातून सुरुवातीला स्वतः सोसायची ठरलेली रक्कम वजा होते ती वेगळीच. घरातल्या सामानालाही हाच नियम लागू होतो, म्हणून फर्निचर, गाद्या, उपकरणं यांची यादी करून नव्यानं घ्यायला आज किती पडेल ते मांडा.

घरापेक्षा माणसाची जोखीम मोठी

मालक सगळी काळजी इमारतीची करतात. माझं मत विचाराल तर पाहुण्याला होणाऱ्या इजेची आधी करावी. घर पूर्ण जळालं तरी नुकसानीला एक वरची मर्यादा असते: ते पुन्हा बांधण्याचा खर्च. माणूस कायमचा जायबंदी झाला तर त्याचा उपचार, बुडालेली कमाई आणि जन्मभराची शुश्रूषा यांना अशी मर्यादा नसते. त्यासाठी जे संरक्षण लागतं ते वाहनाच्या विम्यातल्या थर्ड पार्टीसारखं: तुमच्या हलगर्जीमुळे तिसऱ्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई आणि तुमचा कोर्टाचा खर्च कंपनी उचलते. राहत्या घराच्या पॉलिसीत हे असलं तरी ते सहसा तुमच्या घरगुती वावरापुरतं असतं. पैसे घेऊन ठेवलेल्या पाहुण्यांचा त्यात समावेश आहे, असं कलम स्पष्ट शब्दांत दिसलं पाहिजे. घरात केअरटेकर किंवा सफाईला बाई असतील तर कामावर असताना त्यांना होणाऱ्या दुखापतीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यांच्या जिवाशी गाठ असते, म्हणून तो टाळू नये.

विमा असला तरी घर सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच. बाल्कनीच्या कठड्यापाशी थांबा. तो हलवून पाहा, विशेषतः जिथे लोखंडी दांडा फरशीत रुतलेला असतो तिथे. पाणी साचून गंज तिथेच आधी धरतो, वरून रंग छान दिसत असला तरी. दोन गजांमधलं अंतर मोजा. अनेक देशांच्या बांधकाम नियमांत ते १०० मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितलं आहे, कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मूल घसरू शकतं. तुमच्या घरात लहान मूल नसेल, पण पुढच्या शनिवारी येणाऱ्या कुटुंबात असेल.

गॅसवर चालणारा गीझर, शेगडी किंवा शेकोटी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला तो कळतच नाही. धुराचा अलार्म, विजेच्या वायरिंगची तपासणी, गॅसच्या उपकरणांचं सर्व्हिसिंग, या सगळ्याच्या तारखा आणि पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. उद्या प्रश्न आला तर ‘मी काळजी घेत होतो’ हे त्या पावत्याच सिद्ध करतात.

एक धोका फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथे न्यूमोनियाची साथ पसरली आणि बरीच माणसं दगावली. त्यामागच्या जिवाणूला पुढे लीजनेला हे नाव मिळालं. साधारण २० ते ४५ अंश सेल्सियस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. आठवडेच्या आठवडे बंद असलेल्या घरातले पाइप, शॉवर आणि गरम पाण्याचे टब त्याला मानवतात. म्हणून घर बराच काळ बंद असेल तर पाहुणे येण्याआधी सगळे नळ आणि शॉवर काही मिनिटं वाहू द्यावेत, शॉवरची जाळी काढून धुवावी आणि गरम पाण्याची टाकी ६० अंशांपर्यंत तापवून घ्यावी.

पाहुण्यानं केलेलं नुकसान

पाहुण्याकडून होणारं नुकसान विम्यात तीन वेगळ्या कप्प्यांत जातं. हातून टीव्ही पडला तर ते अपघाती नुकसान. पार्टीत दारं फोडली तर हेतुपुरस्सर. जाताना वस्तू नेली तर चोरी. पहिल्याचं संरक्षण आहे म्हणून उरलेली दोन आपोआप येत नाहीत. चोरीत तर हमखास मेख असते: बऱ्याच पॉलिसी दार-खिडकी फोडून आत शिरल्याची खूण मागतात. पाहुण्याकडे तर चावी किंवा किल्लीपेटीचा कोड असतो, मग फोडाफोड कुठून दिसणार? ‘कायदेशीर रीतीनं आत असलेल्या व्यक्तीनं केलेली चोरी’ पॉलिसीत आहे का, ते शोधा आणि कोड प्रत्येक पाहुण्यानंतर बदला. सोफ्याचं कापड विटणं, गादी दबणं ही झीज. ती कुठलीच कंपनी भरून देत नाही. फुटलेल्या कपासाठी विम्याकडे जाण्यात अर्थ नाही, त्यासाठी डिपॉझिट असतं.

‘आम्ही अमुक संकेतस्थळावरून बुकिंग घेतो, त्यांचं संरक्षण असतंच की’ असं अनेक जण म्हणतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या एअरबीएनबीवर २०११ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका यजमान महिलेच्या घराची पाहुण्यानं नासधूस केल्याचं प्रकरण गाजलं आणि त्यानंतर कंपनीनं यजमानांसाठी हमी सुरू केली. आज तिथे नुकसानीची भरपाई आणि पाहुण्याच्या इजेचा विमा, असे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे विमा पॉलिसी नव्हे, हे कंपनीनंच स्पष्ट केलेलं आहे. मागणीही पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत करावी लागते. शिवाय हे त्या संकेतस्थळावरून आलेल्या मुक्कामापुरतंच. ओळखीतून थेट आलेला पाहुणा, मधले रिकामे दिवस, छपरावर कोसळलेलं झाड, यांतलं काही त्यात बसत नाही. असलेलं चांगलंच आहे, पण त्याच्या भरवशावर स्वतःचा विमा टाळू नये.

पाहुण्यांशी करायचा करार थोडक्यातच असू द्या, पण लेखी हवा: तारखा, माणसांची संख्या, डिपॉझिट, बुकिंग रद्द झाल्यास काय आणि हा मुक्काम फक्त सुटीपुरता आहे हा उल्लेख. मुक्काम लांबत गेला तर अनेक देशांच्या कायद्यात पाहुण्याला भाडेकरूचे हक्क मिळू लागतात.

बुडालेलं भाडं

आगीनंतर घर राहण्याजोगं उरलं नाही तर बुडालेल्या भाड्याचाही विमा मिळतो. त्यात दोन गोष्टी पाहायच्या. मुदत किती, १२ महिने की २४? परवानग्या, मजूर, पावसाळा किंवा बर्फ, सगळं धरलं तर वर्ष कमीच पडतं. आणि भाडं बुडण्यामागे विम्यात बसणारं नुकसान झालेलं असावं लागतं. हंगाम मंदा गेला, पाहुण्यानं ऐनवेळी रद्द केलं, तर काही मिळत नाही. २०२० मध्ये कोविडमुळे घरं ओस पडली तेव्हा अनेक मालकांना याचा प्रत्यय आला: घराला धक्का लागलेला नव्हता, म्हणून बऱ्याच पॉलिसी लागूच झाल्या नाहीत.

परवानगी नसेल तर

बेकायदा चाललेल्या व्यवहारात विम्याचा आधार डळमळतो. लंडनमध्ये वेगळ्या परवानगीशिवाय पूर्ण घर वर्षात ९० रात्रींपेक्षा जास्त अल्पकाळासाठी देता येत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ही मर्यादा त्याहूनही कमी रात्रींची आहे. न्यूयॉर्कनं सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीची सक्ती अमलात आणली. घर जिथे असेल तिथल्या स्थानिक संस्थेचा नियम, इमारतीच्या सोसायटीचा ठराव आणि कर्ज चालू असेल तर बँकेची संमती, हे तिन्ही कागद विमा घेण्याआधी हातात असावेत. बँकेच्या करारात बहुधा ‘स्वतःच्या वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं.

दावा करायची वेळ आली तर

आधी नुकसान वाढणं थांबवा: पाणी बंद, वीज बंद, फुटक्या छपरावर ताडपत्री. मग काहीही हलवण्याआधी फोटो आणि व्हिडिओ. कंपनीला त्याच दिवशी कळवा; ‘शक्य तितक्या लवकर’ ही अट जवळपास प्रत्येक पॉलिसीत असते. चोरी किंवा तोडफोड असेल तर पोलिसांत तक्रार. फुटलेली नळी, जळालेली वायर टाकून देऊ नका, सर्व्हेअरला, म्हणजे नुकसानीची पाहणी करायला येणाऱ्या तज्ज्ञाला, तीच पाहायची असते. तातडीच्या डागडुजीपलीकडचं काम त्याच्या पाहणीनंतर.

या धांदलीत दोन गोष्टी लिहून देऊ नका. पाहुण्याच्या हातून नुकसान झालं आणि तो माफी मागतोय म्हणून ‘जाऊ द्या, तुमच्याकडून काही नको’ असा मेसेज पाठवू नका. तुम्हाला भरपाई दिल्यावर ती त्या पाहुण्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो. तो हक्क तुम्हीच सोडून दिलात तर ती तुमचे पैसे अडवू शकते. तसंच पाहुणा घसरून पडला तर धावून जा, दवाखान्यात न्या, विचारपूस करा. माणुसकी म्हणून ते करायलाच हवं. मात्र ‘चूक माझी, सगळा खर्च मी देतो’ असं कबूल करण्याआधी कंपनीशी बोला, कारण परस्पर दिलेली कबुली तिच्यावर बंधनकारक नसते आणि ओझं तुमच्यावर राहतं.

सर्व्हेअरचा आकडा पटला नाही तर त्याची कारणं लेखी मागा. ज्या भागाबद्दल वाद नाही तेवढी रक्कम आधी द्या, अशी विनंती करता येते. दावा पूर्ण नाकारला असेल तर कोणत्या कलमाखाली, हे कंपनीनं सांगितलं पाहिजे. त्यानंतर कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर, अनेक देशांत असतो त्या विमा लोकपालाकडे किंवा तशाच यंत्रणेकडे जाता येतं. तिथे अर्ज करायला मुदत असते आणि ती बहुधा कंपनीच्या अंतिम उत्तराच्या तारखेपासून मोजतात, म्हणून ते पत्र किंवा ईमेल जपून ठेवा.